दिवे घाटातले आडवे प्रवासी

"दुखलं!"

गाडीच्या मागच्या भागातून हा आवाज आला की मी लॅपटॉपवर खूण करायची आणि आमचे ड्रायव्हरकाका कपाळाला हात लावायचे. दिवे घाटातलं वळण, पुढे विटांनी भरलेला ट्रक, त्याला मागे टाकायला काकांनी पाय दाबलेला, आणि मागे गादीवर डोळे मिटून, छातीवर हात ठेवून आडवे झालेले आमचे सर. अंगाला कुठे ओरखडा नाही, तरी दुखलं.

"कुठे, सर?"

"कमरेत. गाडीनं आत्ता जोर धरला ना, तेव्हा. मांडून ठेवा."

पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर मोजके केस उरलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस रोज सकाळी असा घाटात लोळत जातो, हे दृश्य तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही हसला असतात. मी तर पुण्याची. मला माणसं आवडायला वेळ लागतो आणि त्यांच्यावर हसायला अजिबात लागत नाही. ते मूळचे वऱ्हाडातले. वीस-बावीस वर्षं पुण्यात काढून बोलणं बरंचसं इथलं झालं होतं, पण घाई झाली की "करून राहिलो", "येऊन राहिलो" बाहेर पडायचंच. आमच्याकडची पोरं त्यांची नक्कल करायची. त्यांना ते माहीत होतं, आणि नक्कल चुकली तर ते सुधारून द्यायचे.

आमची कंपनी खडकीच्या पुढे आहे. ती स्वतः गाड्या बनवत नाही, दुसऱ्यांनी बनवलेल्या इंजिनांना वळण लावते. तेव्हा आमच्याकडे एका छोट्या व्हॅनचं काम होतं. तिच्या इंजिनात नव्या तऱ्हेचा टर्बो होता. आता टर्बो म्हणजे काय, तर इंजिनात हवा कोंबणारा पंखा, आणि तो फिरतो इंजिनाच्याच धुरावर. गंमत बघा. ताकद हवी तर हवा हवी, हवा हवी तर धूर हवा, आणि धूर हवा तर आधी ताकद हवी. म्हणून पाय दाबला की इंजिन क्षणभर सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखं नुसतं बघत बसतं, आणि मग एकदम उठून धावायला लागतं. नव्या टर्बोच्या दांड्यावर एक छोटी विजेची मोटर बसवलेली होती. धूर पोचेपर्यंत पंखा तिनं फिरवायचा. तिनं कधी हात द्यायचा, किती द्यायचा आणि कधी सोडायचा, एवढं ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. हात लवकर सोडला तर गाडी मध्येच दम टाकते. उशिरा सोडला तर मोटर आणि धूर दोघांचा जोर एकदम येतो आणि गचका बसतो. ऐकायला सोपं आहे. आमचं वर्ष त्यात गेलं.

पडद्यावरचे आमचे आलेख चांगले होते. गचके ठरलेल्या मर्यादेतच राहत होते. सरांना ते मान्यच नव्हतं.

"हा आलेख बसलेल्या माणसाचा आहे, मॅडम. झोपलेल्याचा कुठाय?"

"झोपलेला माणूस गाडी कशाला चालवेल, सर?"

"तो चालवत नाही. त्याला नेतात."

ही व्हॅन पुढे रुग्णवाहिका म्हणूनही विकली जाणार होती, हे खरं होतं. पण ज्यांची गाडी होती त्यांना त्याच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं. त्यांच्याकडून आलेला एक तरुण साहेब मीटिंगमध्ये म्हणाला, "सर, कस्टमरला किक लागते. पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे."

"आणि ज्याची पाठ आधीच गादीला चिकटलेली आहे, त्यानं काय करायचं?" सरांनी विचारलं.

सगळे हसले. सर हसले नाहीत. चहा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी तडजोड झाली ती अशी की किकवालं मुख्य सॉफ्टवेअर आम्ही वेळेत द्यायचं, आणि सरांना हवं तसं दुसरं, मऊ सॉफ्टवेअर उरलेल्या वेळात करायचं. मुलांनी लगेच त्याचं बारसं केलं, 'आजारी मोड'. सरांनी ते नाव निमूटपणे स्वीकारलं. कुणी कागदोपत्री काही भारदस्त लिहायला गेलं तर म्हणायचे, "आजारीच लिहा. आजाऱ्यासाठीच आहे."

ते का लोळतात हे मला कळलं ते एका सहीमुळे. सर दोन दिवस आले नव्हते आणि त्यांच्या सहीवाचून चाचणी अडली होती. मी बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेले. तळमजल्यावरचं घर. दार उघडंच. बाहेरच्या खोलीत खिडकीशी लोखंडी पलंग, आणि पलंगावर त्यांची बायको. माझ्याकडे मान वळवून तिनं मला नीट न्याहाळलं.

"तुम्हीच काय त्या मॅडम? हे घाटात लोळतात तेव्हा हसणाऱ्या?"

मी हातातले कागद उगाच सारखे करू लागले.

"हसा, हसा. मीपण हसते. बसा. चहा मीच टाकला असता उठून, पण मग यांना काम काय राहील?"

सर आतून चहा घेऊन आले. घरात त्यांचा शर्ट इस्त्रीचा नव्हता. मणक्याचा आजार उशिरा कळला होता, शस्त्रक्रिया झाली, पाय गेले आणि दुखणं मात्र राहिलं. मूलबाळ नव्हतं. दिवसा एक बाई यायची, बाकी सगळं सर करायचे. दर थोड्या वेळानं कूस बदलून द्यायची, दिवसा आणि रात्रीसुद्धा. हे सगळं सरांच्या पत्नींनीच मला दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं सांगितलं. मध्येच म्हणाल्या, "पण खरं दुखते ते गाडीत."

गाडीत काय होतं ते, सर मला बसस्टॉपवर सोडायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं.

"तिला दवाखान्यात नेताना मी डोक्याशी बसलेला असतो. ड्रायव्हर पाय दाबतो, की मला आवाज येतो, आता टर्बो धरणार. मी इंजिनवाला माणूस ना. तिला कळ येणार हे मला आधीच ऐकू येते. ती ओठ चावते आणि मी नुसता बसून राहतो." रस्त्याकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर हेच काम केलं, मॅडम, आणि नेमकं तिथं काही करता येऊन नाही राहिलं."

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं, असं म्हणायला बरं वाटेल. पण बंद नाही केलं. फक्त दुखण्याच्या खुणा मन लावून करू लागले.

सरांच्या पत्नींचं माहेर तिकडे वऱ्हाडात, परतवाड्याजवळ. तिथे त्यांची नव्वदीला टेकलेली आई, धाकट्या मुलाजवळ राहणारी. म्हातारीचे गुडघे गेलेले, तिला पुण्याला येणं शक्य नाही. लेकीला गाडीतून तेवढं लांब नेणं शक्य नाही. कित्येक वर्षांत मायलेकींची भेट नव्हती. रोज दुपारी फोनवर एकमेकींना बघायच्या. "माय म्हणते, फोनात दिसते, पण हाताले लागत नाही," असं त्या मला हसत हसत म्हणाल्या आणि मग भिंतीकडे तोंड करून पडल्या. बायकोला एकदा, फक्त एकदा, न दुखवता आईपर्यंत न्यायचं, एवढ्यासाठी हा माणूस घाटात लोळत होता.

काम पुढे सरकत होतं. सरांनी मोटरला नवी रीत शिकवली. पाय किती दाबला यापेक्षा किती घाईनं दाबला, ते तिनं बघायचं. धूर आला म्हणून एकदम हात काढून घ्यायचा नाही. तो जसा पंखा पेलायला लागेल तसतसा हात सैल करत न्यायचा. गाडी जरा सावकाश उठायची, पण उठताना कळायचं नाही. ड्रायव्हरकाका हडपसरजवळच्या मांजरी गावचे, आयुष्य ट्रकवर घालवलेले. त्यांना हे सगळं थोतांड वाटायचं.

"आवो सायेब, ह्यो घाट हाय, पाळना न्हाई!"

"पाळणाच पाहिजे, काका. पुन्हा खाली चला."

एकदा मात्र अख्खा घाट चढून झाला आणि मागून हूं का चूं नाही. मी आणि काका एकमेकांकडे बघायला लागलो. माथ्यावर पोचल्यावर काकांनी सहज पाय उचलला, आणि धप्प करून बोनेटमधून आवाज आला.

"दुखलं!"

सर उठून बसले. मी त्यांना इतकं खट्टू झालेलं आधी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे चढाच्या इतके मागे लागलो होतो की पाय उचलल्यावर काय होतं, याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पाय उचलला की इंजिनाला हवा नको होते, पण पंखा भरात असतो. कोंडलेली हवा मागे उसळते. तिथे मोटरनं पंख्याला ओढून धरायला हवं. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. सर रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिले. म्हणाले, "तिला घेऊन निघालो असतो ना, मॅडम, अन् हे झालं असतं तर?"

तेही जमलं. आणि मग एका सकाळी घाट चढलो, सासवडपर्यंत गेलो, वळलो, उतरलो, तरी मागून आवाज नाही. काका घाबरले. गाडी कडेला घेऊन त्यांनी मागचं दार उघडलं. मीही धावले. सर गादीवर कुशीला वळून झोपले होते. घोरत होते. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली. काकांनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं आणि दार इतक्या हळू लावलं की मला त्यांचंच हसू आलं. सर जागे होऊ नयेत म्हणून आम्ही हडपसरला वळसा घालून उगाचच लांबून कंपनीत आलो. रात्रभर कूस बदलून देणारा माणूस तो. त्याला अशी झोप किती दिवसांनी लागली होती कुणास ठाऊक.

त्यानंतर त्यांनी आमच्या मोठ्या साहेबांना गाठलं. लांब पल्ल्याची एक चाचणी करायचीच होती, ती परतवाड्याच्या रस्त्यावर करू या, आणि मागे वजनाला ठेवायच्या वाळूच्या पोत्यांऐवजी माझी बायको असू दे, असं म्हणाले. साहेबांनी आधी सरळ नाही म्हटलं. चाचणीच्या गाडीत बाहेरचं माणूस बसत नाही, असा नियमच आहे. मग सरांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण आठवड्याभरात विम्याचे, डॉक्टरांचे कागद तयार झाले. साहेब काही मऊ म्हणून ओळखले जात नव्हते. त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "गादी चांगली घ्या. कंपनीच्या खर्चानं."

मी बिबवेवाडीला गेले तेव्हा घर लग्नघरासारखं होतं. पलंगावर साड्या पसरलेल्या. "झोपून जायचं तर पदर दिसणारच नाही," असं म्हणत त्या प्रत्येक साडीचा पदर बघत होत्या. फोनवर म्हातारी सांगत होती की तिनं अंगण सारवून घेतलंय, खाट उन्हात टाकलीय. "गाडी हळू आनजा म्हणा जावायाले," ती ओरडून सांगत होती, "मी काई कुठी पळून नाई चालली."

निघायला थोडे दिवस उरले असताना बाईंना ताप आला. साधाच वाटला. मग छातीत कफ झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं असंच असतं, डॉक्टर म्हणाले. चार दिवसांत सगळं संपलं.

मी आणि काका गेलो तेव्हा शववाहिनी दाराशी उभी होती. सर आत बायकोच्या डोक्याशी बसले होते. बिबवेवाडीतले रस्ते तुम्हाला माहीत असतील. दर पन्नास पावलांवर गतिरोधक. शववाहिनी निघाली, मागे माझी गाडी. पहिल्याच गतिरोधकानंतर चालकानं पाय दाबला, आणि सरांनी मधली काच वाजवली. गाडी थांबली. "जरा हळू घेता का," ते म्हणाले. चालकानं मान हलवली. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच झालं आणि सरांनी पुन्हा काच वाजवली. चालक वाईट नव्हता. खाली उतरून तो आमच्या गाडीशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "त्यांना समजवा ना कोणीतरी. आता काय दुखणार आहे?"

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "चावी द्या माज्याकडं. तुमी शेजारी बसा."

आणि काकांनी ती गाडी नेली. ट्रकवाला तो माणूस, घाटाला पाळणा म्हणणाऱ्यांना हसणारा. त्या जुनाट गाडीला मोटर नव्हती, आमचं सॉफ्टवेअर नव्हतं, काही नव्हतं. काकांचा नुसता पाय होता. मी मागून येत होते. गतिरोधक आला की गाडी त्यावर चढतेय की उतरतेय ते कळत नव्हतं. काच पुन्हा वाजली नाही. मी गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले, भर रस्त्यात, मागचे हॉर्न वाजवत असताना.

तेरावं झाल्यावर सर कामावर आले. कुणी विचारायच्या आत म्हणाले, "लांबची चाचणी आहे ना? जाऊ या. आईला सांगायचं आहे." म्हातारीपासून सगळ्यांनी लपवलं होतं. तिचा धाकटा मुलगा तेराव्याला येऊन गेला, तोही काही बहाणा करून. लेकीचा आवाज बसलाय म्हणून फोन नाही, असं तिला सांगितलं होतं. जावई येतील आणि सांगतील, असं ठरलं होतं.

आम्ही तिघं निघालो. अकोल्याला मुक्काम केला. सर सगळा रस्ता मागेच बसले, रिकाम्या गादीच्या कडेला, भिंतीला टेकून. ते आडवे झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावात पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात खाटेवर बसली होती. एवढीशी. डोळ्यांवर हाताची सावली धरून तिनं गाडीकडे पाहिलं. सर उतरले, पाया पडले.

"कुठी हाय माही पोट्टी?" तिनं विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांची मान मला दिसत होती.

"मागच्या गाडीत येऊन राहिली, आई," ते म्हणाले. "हळू आणून राहिले तिला. दुखू नये म्हणून."

"हाव," म्हातारी म्हणाली. "हळूच आना म्हणा."

काका गाडीआड गेले आणि तोंडावर पाणी मारायला लागले. म्हातारीचा मुलगा भिंतीला धरून उभा राहिला. सरांनी मला खुणेनं सांगितलं, तुम्ही निघा, मी दोन दिवस थांबतो, नीट सांगतो आणि येतो. आम्ही गाडी घेऊन परत आलो. चाचणी उत्तम झाली. एवढ्या रस्त्यात नोंदण्यासारखा एकही गचका नव्हता.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. पुढे गाडीच्या मालकांचा निर्णय आला. एकच सॉफ्टवेअर ठेवायचं, किकवालं. आजारी मोड काढून टाका. मी फोन करून सरांना सांगितलं. मला वाटलं होतं, भांडतील. ते नुसतं "ठीक आहे" म्हणाले. मी विचारलं, आईंना सांगितलं का? "नाही अजून. रोज विचारते, आली काय गाडी? रोज मी म्हणतो, येऊन राहिली." मग त्यांनी राजीनामा पाठवला. त्यांच्या टेबलावर आता एक नवा मुलगा बसतो. हुशार आहे. त्याला मी हे काही सांगितलेलं नाही.

परवा दुपारी मी पुन्हा फोन केला. त्यांचा आवाज वेगळा वाटला, बसलेला.

"सांगितलं का, सर?"

"काल तिनंच मला सांगितलं," ते म्हणाले. "मी अंगणात बसलो होतो. ती आली भिंत धरत. म्हणाली, जावईबापू, तुमी एकटे उतरले तवाच मले समजलं होतं. तुमाले सांगता येऊन नाई राहिलं, म्हणून रोज विचारून पाहे. आता नाई विचारत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग, सर?"

"मग काय. खूप रडलो. तिच्या मांडीवर डोकं ठेवून. तिथं दवाखान्यात, स्मशानात नव्हतो रडलो." मग म्हणाले, "तिला आईपर्यंत नेता आलं नाही, मॅडम. मीच तेवढा पोचलो."

पुण्याला कधी येताय, असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला, बारीक, पण दटावणारा. भाकर थंडी होऊन राहिली, अजून किती बोलता?

"येतो, आई," सर म्हणाले, आणि फोन ठेवून जेवायला गेले.